शालूकाकींचा राखणदार

मयताला जाताना शालूकाकी बटव्यात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली न्यायच्या. बायकांचा हंबरडा सुरू झाला की मान वर करून दोन्ही डोळ्यांत थेंब सोडायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "आतून रडतेच आहे गो, पण बाहेर दिसायला नको?"

काकी रत्नागिरीतल्या आमच्या शेजारी. नवरा बोटीवर होता, तो वारला, मुलगी मुंबईला. त्यामुळे त्यांना दवाखान्यात नेणं माझ्याकडे आलं. त्यांना शोग्रेन नावाचा आजार होता. डोळे कोरडे, तोंड कोरडं. बोलणं मात्र कधी आटलं नाही. "मेल्या आजाराचं नावसुद्धा कोरड्या तोंडानं घेता येत नाही," म्हणत घोटभर पाणी प्यायच्या.

डॉक्टरांनी समजावलं, "शरीर राखणाऱ्या पेशीच शरीरावर उलटल्यात."

"म्हणजे माझा राखणदार खुळावला!" काकी म्हणाल्या. आमच्याकडे वाडीला राखणदार असतो, न दिसणारा देव. वर्षाचा नारळ-कोंबडा दिला की तो चोराचिलटांपासून राखण करतो.

"या पेशी वर्षानुवर्षं चवताळलेल्या राहिल्या, तर क्वचित त्यांच्यातच कॅन्सर होतो. बहुतेकांना होत नाही. पण गालाला गाठ आली आणि राहिली, तर लगेच या."

"राखणदारच चोर व्हायचा म्हणा की!"

डॉक्टर हसले. मी नाही.

श्रावणात गाठ आली. "काकी, उद्याच जाऊ."

"गणपती तोंडावर आणि दवाखाना? गौर काय तू आणणार?"

मला अपराधी वाटायला एरवी कारण लागत नाही. या वेळी होतं. मी काकींचं ऐकून दवाखाना पुढे ढकलला. चतुर्थीला त्यांच्याकडे जेवताना काकी मोदकावर तूप सोडायला वाकल्या, गाल समोर आला आणि मी मोदक तसाच पानात ठेवला.

"सारण बिघडलं काय रे?"

"गाल, काकी," म्हणालो आणि मुंबईच्या पाहुण्यांसमोर ढसाढसा रडलो.

"घरात गणपती, नि हा मयत असल्यासारखा रडतोय! जाऊ बाबा उद्या. पण आधी राखणदाराला गाऱ्हाणं."

सकाळी फणसाखाली नारळ ठेवून त्या म्हणाल्या, "बा राखणदारा, घरच्यांवर धावलास ते माफ. आता चोर धर, नि पुढल्या गणपतीला मला मोदक वळायला ठेव!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला सगळ्यांनी मिळून द्यायची साथ मी एकटाच ओरडलो.

आठवड्याभरानं रिपोर्ट आला, गाठ कॅन्सरचीच निघाली. पण सावकाश वाढणारी, वेळेत सापडलेली. तो घेऊन परतताना रिक्षात मी पुन्हा रडायला लागलो. काकींनी बाटली काढून थेंब घातले. "एकट्यानं रडू नये माणसानं."

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "कोण गेलं काय हो?"

"अजून नाही," काकी म्हणाल्या. "ह्याची तालीम चाललीय."

उपचार झाले. पुढल्या गणपतीला मोदकही झाले. मग मुलगी त्यांना मुंबईला घेऊन गेली. मी दर रविवारी फोन करतो, आधी गालाचं विचारतो.

"गाल जागेवर आहे रे. इथं राखणदार नाही, वॉचमन आहे. रात्रभर झोपतो. झोपू दे मेल्याला. फार जागणारा बघितलाय मी."