कढीपत्त्यावरची अळी

शहाद्याकडच्या काळ्या जमिनीत फुलपाखरं म्हणजे मोजून चार जातींची. बारकी पिवळी, पांढरी, बांधावरच्या रुईभोवती फिरणारी तांबडी आणि गवतातली नखाएवढी निळी. संपलं. जिकडं बघावं तिकडं कापूस; झाडंच ठेवली नाहीत तर बिचारी येतील कशाला? मी अक्कलकुव्याकडची, डोंगराच्या पायथ्याची. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी दोन वर्षं लग्न होऊन इकडं आले, तेव्हा या मुलखाचा मला मनापासून राग यायचा.

माझी धाकटी नणंद खोकल्यानं झिजली, तशी सासरच्यांनी तिला गाडीत घालून परत पाठवली. निर्लज्ज मेले! नवरा सोडायलासुद्धा आला नाही. घरातल्या पोरांना लागण नको म्हणून तिची खाट खळ्यावरच्या पडवीत टाकली. सासूबाईंना मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, त्यामुळं तिचं सगळं माझ्याकडं आलं. उशाला टेकून ती दिवसभर फुलपाखरं बघायची. मी भाकरी घेऊन गेले की कोणतं कुठं किती वेळ बसलं ते सांगायची. माझ्या माहेरी तळहाताएवढी काळी फुलपाखरं असतात म्हटलं, तर तिला आधी थापच वाटली. मग मात्र तिनं ध्यासच घेतला. एवढं एक बघायचंय म्हणाली. दिवाळीपलीकडचं काही बोलू नका, असं वैद्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

राखीला माहेरी गेले तेव्हा परसातलं कढीपत्त्याचं रोप मुळासकट उपटून डब्यात लावलं. पानावर त्याच काळ्या फुलपाखराची एकच अळी होती, चिमणीच्या शिटेसारखी दिसणारी. येताना गाडीत सगळा वेळ डबा मांडीवर धरला. नणंद ती अळी बघून हसली, ह्यातून काय डोंबल निघणार म्हणाली. पण रोज खाल्लेली पानं मोजायला लागली. अळी हिरवीगार झाली, बोटाएवढी जाड झाली. नणंद चक्क दोन घास जास्त जेवायला लागली. मला वेडीला वाटलं, निभावतंय हे.

त्याच दिवसांत कपाशीवर अळी पडली. आम्ही बायका सकाळपासून ओळींतून फिरायचो. दिसली अळी की दोन बोटांत चिरडायची, पुढं जायचं. अशीच एकदा दुपारी शेतातून पडवीत आले. नणंदेच्या गोधडीवरून एक हिरवी अळी चालली होती. मी काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. बोलता बोलताच हात गेला आणि चिरडून टाकली. मग डब्याकडं लक्ष गेलं. रोप रिकामं होतं.

कोष करायला जागा शोधत ती खाली उतरली होती. मी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतल्या. नणंदेनं माझा हात ओढून घेतला आणि पदरानं बोटं पुसली.

"ऱ्हाऊ दे वहिनी," ती म्हणाली. "तुन्हा हातले सवय शे."

मी दुसरी आणवते म्हणाले. माहेरी गडी धाडला, पण भावाला एकही अळी सापडली नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती गेली.

तिचं दहावं-तेरावं झाल्यावर सासूबाई मला जवळ बसवून म्हणाल्या की पोरीची एक इच्छा तेवढी पुरी झाली. मला कळेना. मग उलगडलं. त्या दुपारनंतर नणंदेनं आईला सांगितलं होतं, वहिनीनं आणलेलं फुलपाखरू निघालं, माझ्या हातावर बसलं आणि उडून गेलं. मला बोल लागू नये म्हणून.

"कसं व्हतं वं ते?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं, काळं होतं. पंखांच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. त्या म्हणाल्या, अजून सांग. मी सांगत राहिले.