दुसऱ्या भागाचं परीक्षण

हिंगोलीच्या एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं मी लिहायचो. लिहायचो म्हणजे काय, मुंबईचे पेपर समोर ठेवून चार वाक्यं इकडची, चार तिकडची जुळवायचो. दोन हजारनंतरची ती वर्षं. संपादक माझा शाळेपासूनचा दोस्त. लग्नपत्रिका छापून उरलेल्या वेळात साप्ताहिक काढायचा. न पाहता लिहिण्याची लाज आम्हा दोघांनाही नव्हती.

मग त्या उघड्यावाघड्या रहस्यपटाचा दुसरा भाग आला. कमी पैशात उरकलेला, पोस्टरवर ओली साडी. मुंबईच्या पेपरांनी त्याची पार सालटी काढली. पहिलाच भाग कशाला काढला होता, असं एकानं विचारलं. मीही तेच उचललं असतं. पण त्या शनिवारी मी शिकवायचो ती सकाळची शाळा लवकर सुटली, आणि तोंडाला रुमाल बांधून मी हिंगोलीत दुपारच्या खेळाला शिरलो. खोटं कशाला बोलू, परीक्षणासाठी गेलो नव्हतो.

सिनेमा भिकारच होता. पण एका प्रसंगात, नवरा आपला जीव घेणार हे कळलेली नायिका पोळ्या लाटत असते आणि सवयीनं त्याच्याही दोन लाटते. मग हात थांबवून त्या दोन पोळ्यांकडे नुसती बघत राहते. थेटरातल्या शिट्ट्या बंद पडल्या. घरी येऊन एका बैठकीत लिहिलं की या सिनेमाला शिव्या देणाऱ्यांनी या मुलीकडे पाहिलंच नाही. संपादकानं ते दोनदा वाचलं आणि कधी नव्हे ते माझं नाव घालून छापलं.

आठ दिवसांनी सेनगावच्या आमच्या शाळेत संस्थेच्या अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. मी शिक्षणसेवक, तीन वर्षं भरत आलेली. मला कायम करायचा ठराव टेबलावर होता, सहीवाचून. शेजारी मुख्याध्यापक. आणि कोपऱ्यात, जीप पाठवून आणवलेला संपादक.

"सर, हे असलं पिक्चर तुमी थेटरात बसून पाह्यलं व्हय?" अध्यक्षांनी अंक पुढे सरकवला. "पोरींच्या वर्गावर जाता तुमी. पालक इचारून राहिले."

मुख्याध्यापक भले माणूस, त्यांनीच वाट दाखवली. "साहेब, असले लेख तर समदे मुंबईच्या पेपरातूनच उचलतेत. काहो सर?"

पाहिलं म्हणालो तर नोकरी गेली. कोपऱ्यात संपादक उठायला लागला होता. त्याला त्या लेखाचा केवढा अभिमान! लेख याचाच आहे असं तो सांगून टाकणार हे मला ठाऊक होतं, म्हणून त्याच्याआधी मीच बोललो.

"न्हाई साहेब. पाह्यलं न्हाई. पेपरातून उचललं."

"कोन्त्या पेपरातून?"

त्या पोळ्यांबद्दल मुंबईच्या एकाही पेपरात अवाक्षर नव्हतं. अध्यक्ष पेनाचं टोपण उघडझाप करत माझ्याकडे बघत होते.

"कात्रण माझ्याकडं हाय साहेब," संपादक म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच देलं व्हतं याला."

"मंग बराबर. नक्कल करनं काई गुन्हा न्हाई." अध्यक्षांनी सही केली. "पर पुढच्या अंकात तसं छापा. लोकाईला कळू द्या."

बाहेर आल्यावर मी दोस्ताचा हात धरायला गेलो. त्यानं खिशातून कोरा कागद काढून माझ्या हातात दिला.

"तूच लिहून दे. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी चार ओळींचा खुलासा लिहिला. माझ्या माहितीप्रमाणे त्या मुलीच्या बाजूनं अख्ख्या मुलखात एकच लेख छापून आला होता, आणि तो माझा नाही असं मी खाली सही करून दिलं.