आजीचे हरवलेले तीन इंच

माझी आजी एका मंगळवारी सकाळी तीन इंचांनी बुटकी झाली, आणि त्याला मी जबाबदार आहे.

झालं असं, की आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या कोकिलाबेन बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून आजोबा आजीकडे काचेच्या बरणीकडे बघावं तसे बघायला लागले. आजीची आईसुद्धा अशीच पडली होती. ती पुन्हा अंथरुणातून उठली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेवटी अलकापुरीतल्या एका डॉक्टरबाईंकडे आजीचं हाड मोडण्याचा धोका किती, ते तपासायचं ठरलं. त्यांनी मोबाइलवर एक फॉर्म पाठवला.

"तू भर," बाबा मला म्हणाले. "इंग्लिश मीडियमची ना तू?"

फॉर्म मला आवडतात. त्यांच्याशी बोलावं लागत नाही. वय, वजन, आधी कधी हाड मोडलंय का, आईचा खुबा मोडला होता का, सगळं भराभर भरलं. मग प्रश्न आला: तरुणपणी उंची किती होती? आजी शेजारच्या खोलीत मटार सोलत होती (अंतर: आठ पावलं). पण तिथे तिच्या दोन मैत्रिणीही होत्या, आणि चार माणसांत तोंड उघडायचं तर मला आधी दोन दिवस तयारी लागते. त्यापेक्षा आजोबांची फाइल बरी! तिच्यात त्यांनी आजीच्या लग्नाच्या वेळचा माहितीचा कागदही जपून ठेवलाय. 'उंची: पाच फूट दोन इंच.' मी लिहून टाकलं.

मंगळवारी क्लिनिकमध्ये नर्सने आजीला भिंतीला टेकवून उभं केलं. "चार फूट अकरा."

डॉक्टरबाईंनी फॉर्म पाहिला, आजीला पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला आणि गुजरातीत विचारलं, "बा, तमे क्यारेय पड्यां छो?"

"ना रे! कधीच पडले नाही."

मग त्यांनी समजावलं, की वयानं थोडी उंची जातेच. पण इतकी गेली असेल, तर मणके न कळत दबून मोडलेले असू शकतात, आणि मग खुब्याचीही काळजी जास्त. एक्स-रे काढावा लागेल.

आजीने हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "उंची कुणी लिहिली गं?"

"मी. फाइलमधून."

तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, मणके दुखताहेत!

आजोबांनी तर तिचा हात धरला. भर क्लिनिकमध्ये! (आमच्याकडे आजवर कुणी कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता, रस्ता ओलांडतानासुद्धा.) "तीन इंच गेले आणि मला कळलं नाही," ते पुटपुटत राहिले. मग त्यांनी करजणला आजीच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "इंदू, तुझी ताई तीन इंचांनी खचली गं!" पलीकडून नुसतं "अं?" ऐकू आलं. मग फोन कट झाला. "रडायला लागली बिचारी," आजोबा म्हणाले.

एक्स-रे आला. पाठीचा कणा अगदी शाबूत! डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला. "तो पछी त्रण इंच गया क्यां?" ते तीन इंच गेले कुठे आणि खरी उंची किती, हे कळल्याशिवाय औषधाचं ठरवता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"गेले नाहीत," आजी म्हणाली. "नव्हतेच."

"म्हणजे?" आजोबा.

"तुमच्या आईंना पाच फूट दोनच्या खालची सून नको होती. अण्णांनी आपल्या मुलीची उंची तेवढी लिहून टाकली."

"अगं, पण मी बघायला आलो होतो की!"

"तेव्हा मी बसूनच होते. पोहे इंदूने आणले."

"आणि लग्नात? अंतरपाटामागे उभी होतीस ना?"

"माझ्या पायाखाली दोन पाट होते."

पन्नासहून जास्त वर्षांचा संसार त्या खोलीत दोन पाटांवर उभा राहिला. आजी पदराचं टोक पिळत होती. मग आजोबांनी विचारलं, "म्हणजे काही मोडलेलं नाही ना?"

"नाही."

"मग चार फूट अकराच बरी."

त्यांनी तिचा हात मात्र सोडला नाही. पुढच्या तपासणीत खुब्याचं हाड थोडं विरळ निघालं. तिला औषध सुरू झालं, बाथरूममध्ये धरायला दांडा बसला. आठ पावलं चालून मी एक प्रश्न विचारला असता, तर एक्स-रे वाचला असता. पण मग तो हात कुणी धरला असता, कोण जाणे.

घरी आल्यावर मी माझा स्वतःचा लग्नासाठीचा बायोडेटा उघडला. आईने गेल्याच महिन्यात तयार केलाय. उंची पाच फूट तीन! मी निमूटपणे पाच फूट एक केली. खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'स्वभाव: बोलका, मनमोकळा, माणसांत रमणारा.'

ती ओळ तशीच ठेवली. ती भिंतीला टेकवून मोजता येत नाही.