फॉर्मवर लिहिलेलं ‘नाही’

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझी मावशी जबलपूरला, आमच्या घरी वारली. तिला तोंडाचा कर्करोग होता. त्याआधी दोन वर्षं मझौलीजवळच्या तिच्या गावात तपासणी शिबिर झालं होतं. फॉर्म मी भरत होतो.

मी सुट्टीवर तिच्याकडे होतो आणि शिबिराच्या नर्सदीदींना लिहायला माणूस हवा होता. शाळेच्या ओसरीवर बायकांची रांग होती. प्रश्न ठरलेला: तंबाखू खाता का? हो म्हणणाऱ्यांचं तोंड टॉर्चने पाहायचं, बाकीच्यांचा रक्तदाब मोजून त्यांना घरी पाठवायचं. दिवस एक होता, गावं तीन.

मावशीची पाळी आली तेव्हा ती हसली.

“मला काहून विचारून राहिला? तुझ्या काकांनी खाल्ली तेवढी पुरे झाली घराला.”

“विचारावं लागतं, मावशी.”

“मग लिही, नाही. अन् चलो, माझ्या पोळ्या राहिल्या आहेत.”

मी ‘नाही’ लिहिलं.

मावशी रोज सकाळी गुडाखू लावायची. गूळ आणि तंबाखूचा काळा लगदा, पत्र्याच्या डबीतला. पायरीवर बसून ती तो अर्धा तास हिरड्यांवर बोटाने फिरवायची. गावातल्या बहुतेक बाया लावायच्या आणि त्याला मंजन म्हणायच्या. मीही मंजनच म्हणायचो. लहानपणी सुट्टीत मी तिच्याशेजारी बसायचो. तोंड भरलेलं, म्हणून ती नुसता हुंकार द्यायची. दिवसभरात ती तेवढीच बसायची. जबलपुरात ओमतीच्या बाजारात एखाद्या दुकानापुढे तो वास आला, की मी अजून थांबतो.

शिबिरानंतरच्या वर्षी तिला तिखट सोसेना. जबलपूरला आणलं तोवर गाल आतून फुटला होता.

यंदाच्या शिबिरात नर्सदीदींनी आधी सगळ्यांची तोंडं पाहिली, मग प्रश्न विचारले. मावशीच्या शेजारणीच्या गालात पांढरा चट्टा निघाला. तिला कागद देऊन जबलपूरच्या रुग्णालयात जायला सांगितलं. दोनदा तिचं जाणं राहिलं. पहिल्या वेळी गहू कापणीला आला होता. दुसऱ्या वेळी बस आली नाही.

मंगळवारी ती आली. मी बसस्टँडवर घ्यायला गेलो होतो.

“भैया, आज मंजन नहीं किया,” ती म्हणाली. “ठीक किया न?”

मी हो म्हणालो. तिच्या पदराला तरीही तोच वास होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा कागद रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीतून आत गेला.