घोड्याच्या पट्टीतलं प्यादं

माझा आकडा नऊशे साठ आहे आणि आमचा सातशे चाळीस. एका घरात, एका फोनवर हे दोन आकडे वेगळे कसे, ते सांगायला बसले आहे. सांगून हलकं वाटेल अशी काही आशा नाही. दमलेली आहे ती आहेच.

आकडा म्हणजे फोनवरच्या बुद्धिबळाचा, दुसरा कसला नव्हे. जिंकलं की सात-आठने चढतो, हरलं की तेवढाच उतरतो. नाशिकला नर्सिंगला असलेल्या नातीने फोनमध्ये हा खेळ घालून दिला. समोरचा माणूस दिसत नाही, नुसता कुठल्यातरी देशाचा झेंडा दिसतो. दहा मिनिटं त्याला, दहा आपल्याला. वेळ संपली की डाव कितीही चांगला असो, हरलात.

आमचे हे मोखाड्याला पंचायत समितीत शिपाई होते. डबा खाऊन झाला की तिथल्या व्हरांड्यात पट मांडायचे. खेळ त्यांना त्यांच्या मामांनी शिकवलेला, तोही आपला जुना देशी. मी चौथी शिकलेली बाई. सुट्टीच्या दिवशी पाड्यावरचे दोघे-चौघे आमच्या ओट्यावर खेळायला जमत आणि मी चहा द्यायच्या निमित्ताने उभी राहून बघत असे. बघून बघून आलं. एकदा न राहवून म्हटलं, "अहो, तो हत्ती जाणार तुमचा." गेला. त्या दिवशी रात्रीचं जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बस समोर."

रिटायर झाले आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडा गेल्या, मग आतलंही गेलं. जव्हारच्या, नाशिकच्या खेपा झाल्या. थेंब अजून घालतो, पण गेलेलं येत नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पट तेवढा डोक्यात दिसतो मला. कुठं काय आहे ते तू सांग."

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून एक जण आहोत. रोज चार वाजता चहा झाला की ओट्यावर बसायचं. समोरच्याने काय चाललं ते मी सांगते, हे विचार करतात, सांगतात, मी बोट लावते. खातंही दोघांचं एकच. सुरुवातीला मला त्यात फार गंमत वाटे.

पण बघा, मी दिवसभर या माणसाला जग सांगत असते. रस्त्याने कोण गेलं, भाकरी कुठल्या बाजूला आहे, आज भात कितपत पिवळा झाला, पायाशी कोंबडी आहे, सरका. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. त्यात घड्याळ पळत असताना, "त्याचा उंट राजाकडच्या घोड्याच्या पट्टीत आला, खालून चौथं घर," असं चाळीस-चाळीस वेळा. पट्टी म्हणजे पटावरची उभी रांग. हे म्हणणार, "चौथं की पाचवं?" मी म्हणणार, "चौथं." मग हे डोळे मिटून बसणार. मिटले काय नि उघडे काय, पण मिटतात. पाव मिनिट, अर्धं मिनिट. जिंकत आलेले कितीतरी डाव आम्ही असे वेळेवर घालवले आहेत.

वेळ ही एक खोट झाली. दुसरी खोट देशी खेळाची. आता फोनचा कायदा असा की प्यादं शेवटच्या घरात पोचलं की चार चित्रं येतात, हवं ते घ्या. सगळं जग वजीर घेतं. देशी कायद्यात तसं नाही. ज्याच्या पट्टीतून प्यादं वर गेलं, तेच व्हायचं. हत्तीच्या पट्टीतून गेलं की हत्ती, घोड्याच्या पट्टीतून घोडा. हे त्यावर ठाम.

"अहो, वजीर मिळतोय फुकट."

"फुकटचं आहे म्हणून घ्यायचं? घोड्याच्या वाटेनं आला, घोडाच होणार. मामा काय म्हणतील?"

"मामा वर गेले त्याला तीस वर्षं झाली."

"मग वरूनच बघत असतील. घोडा घे."

मी घोडा घेत असे. डाव संपला की फोन आमच्या चालींवर रंगीत खुणा करून दाखवतो. हिरवी चांगली, लाल वाईट. त्या घोड्याच्या चालीवर दर वेळी लाल खूण. हे विचारत, "काय म्हणतोय फोन?" मी म्हणे, "काही नाही, ठीक म्हणतोय."

मग जीपचं सांगते. आमच्या पाड्यावरून मोखाड्याच्या बाजाराला जायचं तर जीपने. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. दहा माणसं झाली तरी ड्रायव्हरला अजून चार लागतात. एकदा अशीच पुढच्या सीटवर बसले होते, आणि तिथे रेंज चांगली. एक डाव खेळावा वाटलं. पण दोघांच्या खात्यावर एकटीने खेळणं बरं दिसेना, म्हणून दुसरं खातं काढलं. जीप भरेपर्यंत डाव झाला, जिंकलेसुद्धा. कुणाला काही सांगायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. तोंड बंद ठेवून नुसतं बोट चालवायचं. मला त्या जिंकण्यापेक्षा ती गप्प बसायची दहा मिनिटं इतकी गोड लागली, काय सांगू.

मागच्या सीटवरची बाई वाकून बघत म्हणाली, "मावशी, आकडा लावता काय या वयात?"

"लावते तर. लागला की तुला लुगडं घेईन."

मग दर बाजाराला एक डाव. पुढेपुढे बाजार नसला तरी दुपारी हे आडवे झाले की मी मागच्या दारी भांडी घासायच्या दगडावर बसून खेळू लागले. सातशे, आठशे, नऊशे. माझ्या मनात हजार हा आकडा बसला. हजार झाले की बास, मग आपलं सातशे चाळीसच बरं, असं स्वतःलाच सांगत होते. आणि चार वाजता ओट्यावर बसले की, खरं सांगते, जांभई येई. यांना त्या एका डावाशिवाय दिवसात दुसरं काही नाही. सकाळपासून तीनदा विचारतात, चार वाजले का. ते मला कळत होतं, तरी येई जांभई.

भात कापायच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी चारच्या डावात आमचं प्यादं घोड्याच्या पट्टीतून वर पोचलं. घड्याळात आमची तीन मिनिटं उरलेली. चार चित्रं आली.

"घोडा," हे म्हणाले.

मी वजीर घेतला. आणि तोंडाने म्हटलं, "घेतला घोडा."

आठशे पाहायचे होते हो मला या खात्यावर. दोघांच्या नावावर एकदा तरी. समोरच्याने राजा हलवला, तो मी खरा सांगितला. हे डोळे मिटून हसले. "आता बघ. घोडा वजिराच्या पट्टीत आण, वरून दुसरं घर. राजाला शह, आणि पलीकडे त्याचा हत्तीही तोंडात. राजा हलेल, हत्ती आपला."

आता वजीर सगळीकडे जातो, पण घोड्यासारखी अडीच घरं काही त्याला जाता येत नाहीत. मी म्हटलं, "हं, चालले," आणि माझा वजीर सरळ आडवा नेऊन शह दिला. समोरच्याचा राजा पटाच्या मधोमध आला.

"कुठं गेला राजा?"

घाईत मला दुसरं काही सुचलं नाही. "राजाच्या पट्टीत, मधल्या घरात."

 यांनी बोटांनी मांडीवर घरं मोजली. मग हळूच म्हणाले, "तिथं माझ्या घोड्याचा मारा आहे. राजा शहातून निघून परत त्याच घोड्याच्या तोंडात कसा बसेल? फोन बसू देईल?"

मी फोनवरचं घड्याळ बघत राहिले.

"वजीर घेतलास."

"हो."

"मग मार त्याचा हत्ती. वजीर तिरका येत असेल तर मिळेल बघ."

मिळत होता. न बघता सांगितलं त्यांनी. मारला, आणि पुढच्या पाच-सहा चालींत मात झाली. फोनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले.

"जिंकलो," मी म्हटलं.

"जिंकलीस," ते म्हणाले. काठी शोधायला हात पुढे केला, मी काठी हातात दिली. उठता उठता म्हणाले, "दुपारी मागच्या दारी टकटक वाजतं, ती काय कोंबडी खेळते?"

फोनचा आवाज मी बारीक करत असे. बंद नव्हता केलेला. या माणसाचे डोळे गेल्यापासून कान किती लांब गेलेत, हे मी विसरले.

दोन दिवस चार वाजता चहा झाला आणि कुणीच काही म्हणालं नाही. मी दुपारीही फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हे भिंतीला चाचपत जाऊन चार्जरवरचा फोन काढून घेऊन आले, आणि ओट्यावर बसून म्हणाले, "तुझा आकडा किती?"

"नऊशे साठ."

"आपला?"

"सातशे अठ्ठेचाळीस."

त्यांनी मनात वजाबाकी केली. "म्हणजे माझं वजन दोनशे बारा," असं म्हणाले. रागाने नाही. भात किती पिवळा झाला ते मी सांगते ना, तशा आवाजात.

मला म्हणायला हवं होतं, तसं नाही हो. पण तसं होतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, "दुपारी मला बोलायचा कंटाळा येतो. तुमचा नाही."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आपल्यात घोडाच. तुझ्यात तू वजीर घे, नाहीतर म्हैस घे. पण संध्याकाळी मला तो डाव सांगायचा. घड्याळ नको, सावकाश."

म्हणजे माझं सांगणं दुप्पट झालं की नाही बघा. दुपारी खेळायचं आणि तोच डाव संध्याकाळी पहिल्यापासून तोंडाने. हे मध्येच थांबवतात, "इथं उंट का काढलास? मागचा घोडा अजून झोपलेला आहे." फोनची लाल खूण असते ती चाल नेमकी तीच निघते. फोनला डोळे आहेत म्हणावं तर यांना ते नाहीत, तरी दोघं एकाच ठिकाणी बोट ठेवतात. माझी खोट अशी की मला शह द्यायची घाई, मागचं झोपलेलं उठवत नाही. ती कळली आहे. सुटली नाही.

मागच्या बाजाराच्या दिवशी जीपमध्ये एक हजार दोन झाला. जीप भरली, निघाली, घाटात रेंज गेली. घरी येऊन सांगितला डाव. प्यादं घोड्याच्या पट्टीतून वर गेलं तिथपर्यंत मी पोचले आणि थांबले.

"वजीर घेतलास ना?"

"घेतला."

"बरं केलंस."

दुसऱ्या दिवसापासून मी ओळीने सहा डाव हरले, आज नऊशे साठवरच परत आहे. आमचा पुन्हा सातशे चाळीस. परवा घोडा घेऊन वेळेवर हरलो, तीन सेकंद राहिली असताना हे विचारत होते, चौथं की पाचवं. आत्ता पावणेचार झालेत, चहा ठेवायचा आहे. आतून दोनदा विचारून झालंय.