मागचं लाल टायर
सायकलच्या दुकानापुढे नव्या रबराचा वास आला की माझा अजून जळफळाट होतो. उमेळे गावातल्या आमच्या वाडीतून केळीचे घड कॅरिअरला बांधून न्यायचे, म्हणून बाबांनी माझ्या सायकलला मागे जाड लाल टायर बसवलं. पुढचं बारीक, काळंच राहिलं. समोरच्या नव्या बिल्डिंगमधली वर्गमैत्रीण ते बघून पोट धरून हसली. आठवड्याभरात तिच्या कोऱ्या सायकललाही मागे लाल, पुढे काळं! शाळेच्या गेटवर पोरी तिच्याभोवती जमल्या, "काय भारी दिसते गं!" मग एकीची नजर माझ्या चिखलाने माखलेल्या सायकलवर गेली, "ए, तू हिची कॉपी केलीस ना?" मैत्रीण नुसती गालात हसली. आता मी स्कूटर चालवते, तरी रस्त्यात लाल टायर दिसलं की आधी बघते, वर तीच बसलीये का.