घरचं एक माणूस सोबत

आमच्या घरात चलानाचं कुणाला काही वाटत नसे. या शहरात ते मोबाईलवर येतं, फोटोसकट. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, उलट्या बाजूनं गाडी घातली. नवरा ते फोटो लग्नाच्या अल्बमसारखे बघायचा. मी म्हणायची, भरून टाका. तो म्हणायचा, "थांब की. सरकार सूट देतं. वेळेवर भरणारे येडे असतात." आणि सूट खरंच जाहीर व्हायची. मग मी शाळेतून आल्यावर बसून सगळी ऑनलाइन भरायची, कारण त्याला ते साईटवरचं काम जमत नाही. गाडी त्याची, फोटो त्याचे, भरायचं मी.

घरात मी त्याला अहो-जाहो करते. इथं नाही करणार.

मग एका शनिवारी सकाळी खाली गाडीची जागा रिकामी दिसली. चहा पिता पिता त्यानं सांगितलं, "काल चेकिंगमध्ये सापडलो. अख्ख्या हैदराबादेत जसं काय मीच एकटा प्यायलो होतो." फुंकायच्या मशीनवर आकडा मोठा आला होता. गाडी पोलिसांनी ठेवून घेतली होती. हे चलान ऑनलाइन भरायचं नव्हतं, आणि याला सूटही नव्हती. आधी पोलिसांचं समुपदेशन, मग कोर्टात जातीनं उभं राहायचं. त्याच्या ओळखीच्या वकिलानं फोनवरच सांगितलं होतं की एवढ्या आकड्याला जज दंडावर सोडतीलच असं नाही, दोन-चार दिवस आतही पाठवतात. आत गेला की कंपनीत कळणार आणि नोकरी जाणार. अंबरपेठेतल्या घराचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. भीती मलाही वाटली, नाही कशाला म्हणू.

मिळालेल्या कागदावर खाली लिहिलं होतं, घरचं एक माणूस सोबत आणावं.

"आईला कशाला परेशान करायचं," तो म्हणाला. "तूच चल."

माझे बाबा देगलूरला एकटे राहायचे. एसटीत ड्रायव्हर होते, जन्मभर गाडी चालवली आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी दाराच्या आत खिळ्याला लावून ठेवला होता. दारूचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. आई गेल्यापासून स्वयंपाक स्वतः करायचे आणि रोज दिवेलागणीला मला फोन लावून, फोन ओट्यावर ठेवून, मला विचारत विचारत भाजी करायचे. "काय करायलीस माय? मेथीला लसूण आधी टाकू का मागून?" मी त्यांची एकुलती एक. या प्रकरणातलं त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते जावयाला काही बोलले नसते, पण रात्री जेवले नसते.

समुपदेशनाच्या हॉलमध्ये पिणारे पुढं आणि त्यांच्या बायका, आया मागं, अशी बसायची व्यवस्था होती. पडद्यावर अपघात दाखवले. मग एक अधिकारी आले, पुरुषांना म्हणाले, "तुम लोगां चुप बैठो, मैं लेडीज से बात कर्रूं." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, घर में चैन रहा तो आदमी बाहर कायकू पीता?"

पुढच्या रांगांतल्या माना एकदम सैल झाल्या. माझ्या नवऱ्याची मान तर हलली. हो, हो, बरोबर, अशी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी मुलांना वर्गात शिकवते, पण त्या दिवशी संन्याशांची अख्खी रांग खुर्च्यांवर बसलेली बघितली. शेवटी प्रत्येकीनं सही करायची होती, की पुन्हा असं होऊ नये याकडे मी लक्ष देईन. प्यायचं त्यानं आणि लक्ष द्यायचं मी. मी सही केली. माझ्या शेजारच्या म्हातारीनं अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली.

कोर्टाच्या दिवशी नवऱ्यानं पांढरा शर्ट घातला. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वकील त्याला खांबाच्या आड घेऊन काहीतरी बोलत होता. मला वाटलं, फीचं चाललं असेल. मी लांब उभी राहिले. आज वाटतं, जवळ जायला हवं होतं, पण नवरे कोपऱ्यात बोलत असले की आपण लांब उभं राहायचं हे वळण अंगात इतकं मुरलेलं.

आत मॅजिस्ट्रेट बाई होत्या. वयानं माझ्याएवढ्या असतील. एकेकाचं नाव पुकारत, प्यायला होतास का विचारत, तो हो म्हणे, त्या खाली बघून लिहीत. आमच्या आधीच्या माणसाला आत पाठवलं. हवालदारानं त्याचा दंड धरून त्याला भिंतीशी उभं केलं. त्याची बायको हातातला टिफिन घेऊन इकडेतिकडे बघत राहिली, तो कुणाला द्यावा ते तिला कळेना.

मग आमचं नाव आलं. वकील पुढं होऊन तेलुगूत बोलायला लागला. शाळेतल्या मुलांमुळं मला तेलुगू कळतं. तो म्हणाला, "वीळ्ळ मामगारु चनिपोयारु, मॅडम." मामगारु म्हणजे सासरे. याचे सासरे वारले. त्या दुःखात याच्या हातून हे घडलं, नाहीतर हा पिणारा माणूस नाही. कुणाचे सासरे, हे माझ्या डोक्यात शिरायला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात वकिलानं माझ्याकडे हात केला. ही मुलगी.

मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच कुणाकडे तरी नीट बघितलं. "नान्नगारा, अम्मा?" त्यांनी विचारलं. वडील का?

आदल्या संध्याकाळी बाबांनी मेथी केली होती. मीठ दोनदा पडलं म्हणून स्वतःवरच हसत होते.

मी नाही म्हटलं असतं तर नवरा भिंतीशी उभा राहिला असता. तो एक शब्द माझ्याजवळ होता आणि सगळं कोर्ट त्याची वाट बघत होतं. नवऱ्यानं माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. त्याला खात्री होती. त्या खात्रीनंच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुःखानं नाही, संतापानं आलं. इतका संताप मला जन्मात आला नव्हता. तोंडातून शब्द फुटेना, हुंदकाच आला, आणि तो सगळ्यांनी ऐकला.

"एडवद्दु, अम्मा," बाई म्हणाल्या. रडू नका. मग नवऱ्याला म्हणाल्या की बायकोला सांभाळ. दंड लावला, लायसन्स काही महिने बंद केलं, आणि सोडून दिलं. चांगल्या बाई होत्या. मला अजून त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावंसं वाटतं.

दंड भरायच्या खिडकीशी रांगेत वकील म्हणाला, "मैडम ने काम कर दिया." नवऱ्यानं सुस्कारा सोडला. "बरं झालं ऐन वक्ताला रडलीस."

"माझे बाबा कशाला?" मी विचारलं.

"मग कोण? माझे वडील तर खरंच गेलेत, वकील म्हणाला सर्टिफिकेट मागितलं तर जुनी तारीख सापडंल, सासऱ्याचं कुणी मागत नाही. आणि आईचं नाव माझ्या तोंडातून निघंना."

एवढं बोलून तो पुढं सरकला, कारण रांग सरकली होती.

घरी सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नको. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं." त्यांच्या मामांच्या डोक्याला कावळा शिवला तेव्हा घरच्यांनी नातेवाइकांना मामा गेल्याची खोटी तार केली होती. सगळे रडत आले, अरिष्ट टळलं, आणि मामा पुढं नातवंडांची लग्नं बघून गेले. मात्र रडणाऱ्यानं खरं समजून रडायला हवं, नाहीतर उपयोग नाही, असंही त्या म्हणाल्या. नवरा आतून म्हणाला, "बघ, तुझ्या बाबांची सेंचुरी पक्की."

मी शिकवणारी बाई. तरी ते मी मनाशी धरून ठेवलं. रडणं खरं होतं, कारण वेगळं होतं, एवढं देव चालवून घेईल असं वाटायचं.

लायसन्स बंद, म्हणून रोज सकाळी मी नवऱ्याला माझ्या स्कूटीवर मागं बसवून मेट्रोपर्यंत सोडायची आणि तशीच पुढं नारायणगुड्याला शाळेत जायची. रोज मीच सोडते हे बाबांना फोनवर कळलंच. मी सांगितलं, यांची कंबर दुखते, गाडी चालवायला डॉक्टरांनी मना केलंय. चार दिवसांनी हैदराबादच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ बाबांनी निर्गुडीच्या तेलाची बाटली पाठवली. हाताखाली शिकलेली पोरं अजून त्यांचा शब्द झेलायची. बाटली मी स्टँडवरून आणली. नवऱ्यानं ती न उघडताच कपाटावर ठेवली.

दसऱ्याच्या आसपास बाबा म्हणाले, "माय, डोळ्याला धुकं दिसायलंय. तिकडं येऊन दाखवावं म्हणतो." मला आनंद झाला. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला आत्ता नको. का, म्हटलं. "ऑफिसचे लोक राहतात मागच्या गल्लीत, येणं-जाणं असतं. पुढं बघू." ऑफिसच्या लोकांचा आणि बाबांच्या डोळ्यांचा काय संबंध ते मला कळलं नाही. मला वाटलं, लायसन्सची गोष्ट बाबांना कुणाकडून कळेल म्हणून लाजतोय. मी जास्त ओढून धरलं नाही. बाबांना म्हटलं, दिवाळीनंतर या. ते म्हणाले, "बरं बरं, घाई कुठं हाय."

दिवाळी झाली. एका सकाळी चुलतभावाचा फोन आला. बाबा अंघोळीला पाणी तापत ठेवून खुर्चीत बसले होते, ते उठलेच नाहीत.

मी पिशवी भरली. सासूबाई रडत होत्या. नवरा हॉलमध्ये फोन हातात धरून उभा होता, अंगात रात्रीचेच कपडे.

"आवरा ना," मी म्हटलं. "साडेआठची बस आहे."

"ऑफिसात काय सांगू?"

मला वाटलं, त्याला सुचत नाहीये. "काय सांगू म्हणजे? सासरे गेले म्हणून सांगा."

त्यानं फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "ते सांगून झालंय."

कोर्टाच्या वेळची रजा त्यानं कशावर घेतली होती ते मी कधी विचारलं नव्हतं. पोलिसाचं, कोर्टाचं सांगता येत नव्हतं म्हणून त्यानं ऑफिसातही तेच सांगितलं होतं. साहेबांनी सांत्वनाचा मेल केला होता. मागच्या गल्लीतला सहकारी म्हणे घरी भेटायला येणार होता, त्याला यानंच थोपवलं. म्हणून बाबांना येऊ द्यायचं नव्हतं. मेलेला माणूस डोळे तपासायला आलेला दिसला असता.

"दुसरं काही कारण सांगून परवा येतो," तो म्हणाला. "समजून घे."

मी पिशवी उचलली. सासूबाई म्हणाल्या, "तू ये रे तिच्यासंगं." तो न्हाणीघरात गेला आणि दार लावून घेतलं. मी खाली आले, ऑटो केली आणि एकटी बस स्टँडवर गेले.

देगलूरला अंगणात माणसं मावत नव्हती. जुने ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपातले लोक. कुणीतरी दारामागचा बिल्ला काढून बाबांच्या शर्टाला लावला होता. प्रत्येक जण आधी माझ्या मागं बघायचा आणि मग विचारायचा, "जावईबापू?" जावयानं खांदा द्यायचा, बाबांना मुलगा नव्हता. मी सांगत राहिले, त्यांना रजा मिळाली नाही. एका म्हाताऱ्या कंडक्टरनं विचारलं, "सासऱ्यासाठी पण नाही देत?"

"देतात," मी म्हटलं. "एकदाच देतात."

त्याला काय कळलं कोण जाणे. तो मान हलवून बाजूला झाला.

खांदा चुलतभावानं दिला. बायकांनी मला मध्ये बसवलं, पाठीवरून हात फिरवले. रड माय, मोकळी हो, म्हणाल्या. मी बाबांच्या तोंडाकडे बघत बसले, पण पाणी येईना. बाहेर नेतानाही आलं नाही. एकुलती एक पोर आणि डोळ्यात टिपूस नाही, असं मागं कुणीतरी बोललं, आणि ते मला ऐकू आलं. बाबांच्या मरणाचं रडणं मी कोर्टात रडून बसले होते, बाबा घरी मेथी निवडत असताना, आणि त्यावर नवरा सुटला होता.